गुडघे सांभाळून बैठका: खुर्चीपासून केलेली सुरुवात

बैठका सुरू करताना मी आधी किती खाली जायचं हा विचार बाजूला ठेवला आणि खुर्चीवरून नीट उठायला शिकलो. खुर्ची लाकडी, मागून भिंतीला टेकवलेली. आसन ४५ सेंटिमीटर उंच होतं, त्यावर सतरंजीची घट्ट घडी घालून ते ५० केलं. चाकांची किंवा हलकी प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही, ऐन बसताना मागे सरकते. पाय अनवाणी, कारण फरशीवर मोजे घसरतात.

दोन पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर, बोटं साधारण १५ ते २० अंश बाहेर वळलेली. वजन तीन जागी हवं: टाच, अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा. यातला अंगठ्याखालचा भाग उचलला गेला तर भार बाहेरच्या कडेवर जातो. तळव्याची कमान आत कोसळली तर तिच्यामागोमाग गुडघाही आत झुकतो.

उठताना आसनाच्या कडेशी यायचं, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्यायच्या आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे वाकायचं. डोकं पावलांच्या वर आलं की टाचांनी जमीन दाबत उठायचं, श्वास सोडत. खाली येताना श्वास घेत मनात तीन आकडे मोजायचे, माकडहाड आसनाला हलकेच टेकलं की लगेच वर. खरी मेहनत या उतरण्यात आहे. शेवटचे चार बोटं अंतर धपकन बसून संपवलं, तर मांडीला जिथे सर्वात जास्त काम पडायचं तिथेच ती सुटते. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये.

सर्वात जास्त वेळ गेला तो गुडघा आत वळण्यावर. स्वतःला ते जाणवत नाही; फोन समोर गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चित्रण केलं तेव्हा दिसलं. उठण्याच्या पहिल्या क्षणी, भार सर्वाधिक असतो तेव्हा, उजवा गुडघा आत जात होता. कारण बहुतेकदा खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंची कमी ताकद. गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा बांधून तो बाहेर ताणत ठेवला की ते स्नायू जागे होतात. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे.

‘गुडघा बोटांपुढे जाता कामा नये’ हा नियम मात्र मी पाळला नाही. लांब मांड्यांच्या माणसाने तो हट्टाने पाळला तर धड फार पुढे झुकतं आणि भार कमरेवर येतो. टाच टेकलेली असेल तर गुडघा थोडा पुढे गेलेला चालतो. टाच उचलली जात असेल तर दोष घोट्यात शोधावा: अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का बघा. लागला नाही तर तात्पुरती टाचांखाली दोन सेंटिमीटरची फळी, आणि रोज पोटऱ्यांना ताण.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. ८ च्या तीन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये दीड मिनिट विश्रांती. हात न लावता १२ च्या तीन फेऱ्या दोन वेळा स्वच्छ झाल्या की आसन पाच सेंटिमीटर खाली. दोन्ही एकदम वाढवायचं नाही, उंची उतरली की पुन्हा ८ वर यायचं. मांड्या दोन दिवस दुखल्या तर ते स्वाभाविक. पण गुडघ्याच्या वाटीच्या मागे किंवा सांध्यात दुखलं आणि दुसऱ्या दिवशीही कमी झालं नाही, तर मी एक पायरी मागे गेलो. गुडघा सुजणं, अडकणं किंवा अचानक दगा देणं, ही थांबून डॉक्टरांना दाखवण्याची लक्षणं.

तालमीतली बैठक यापुढची आहे. तिथे टाचा उचलून चवड्यांवर तोल असतो, हात झुलतात, वेग जास्त असतो, त्यामुळे वाटीवर दाब बराच वाढतो. ३० सेंटिमीटरचं आसन जमल्यावरच मी ती घेतली, तीही खुंटीला बांधलेला दोर धरून, १० पासून. सवय नसताना ईर्ष्येने शेकडो बैठका मारल्या तर स्नायू फुटून त्यांतले घटक मूत्रपिंडावर येऊ शकतात. मांड्या ताठरून सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.