टोकणारे आणि नोंद ठेवणारे

भाऊबीज, रात्री उशिरा. इंदूर

दिवाळीत गेमिंगच्या सर्व्हरवर, म्हणजे खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन अड्ड्यावर, जी गर्दी होते ती नुसती गावातल्या मुलांची नसते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, सगळीकडे पुण्या-नागपूरहून मावस-मामेभावंडं उतरलेली असतात. फराळाची ताटली बाजूला सरकली की त्यांनाही लिंक हवी असते. लिंक मिळते, नियम कोणी वाचत नाही. आणि मग जुन्या सभासदांमधला झोपलेला हवालदार जागा होतो.

मॉडरेटर, म्हणजे शिस्त राखायचा अधिकार असलेले, असतात दोन-तीन, तेही नोकरी-कॉलेज सांभाळून. रात्री अकरानंतर खरी राखण करतात ते बिनपदाचे सभासद. त्यांच्याशिवाय एकही सर्व्हर चालत नाही, आणि बहुतेक सर्व्हर बिघडतात तेही त्यांच्याच हातून. त्यांना ‘मिनी-मॉड’ म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत.

इंदूरच्या माणसाला टोकण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१७ पासून हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलं ते काही एकट्या कचरागाड्यांच्या जोरावर नाही. छप्पन दुकानपाशी कोणी कागद टाकला, तर शेजारचा माणूस ‘भिया, डस्टबिन उधर है’ म्हणतो आणि आपल्या खाण्याकडे वळतो. प्रवचन नाही, फोटो नाही. सर्व्हरवर टोकायचं तेही एवढंच: ‘दादा, टीमसाठी माणसं हवी असतील तर भरतीचं चॅनेल वरून तिसरं आहे.’ एक वाक्य, एकदाच, एकानेच, आणि त्यात जायचं कुठे ते सांगितलेलं.

बिघडतं ते ‘एकानेच’ या अटीवर. नवीन मुलगा चुकीच्या चॅनेलमध्ये भरतीचा संदेश टाकतो आणि अर्ध्या मिनिटात पाच जण त्याच्यावर तुटून पडतात. ‘नियम वाच.’ ‘पिन केलेलं दिसत नाही का?’ ‘मॉडला टॅग करू का?’ प्रत्येकाला वाटतं आपण सर्व्हरचं भलं करतोय. मुलगा चिडतो, उलट बोलतो, दहा मिनिटांत प्रकरण आई-बहिणीवर जातं. मॉडरेटर उगवतो तेव्हा समोर दिसते फक्त शिवी. बॅन होतो मुलगा. त्या पाच जणांची नोंद कुठेच होत नाही, कारण त्यांनी नियम मोडलेलाच नसतो.

यावर साधा उपाय आहे. जो पहिल्यांदा टोकेल त्याने मूळ संदेशावर झाडूचं चिन्ह ठेवायचं. झाडू दिसला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. सोबत डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचा स्लो मोड, म्हणजे एकाच्या दोन संदेशांमध्ये सक्तीचं अंतर. तो ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत लावता येतो. सुट्टीच्या दिवसांत गप्पांच्या चॅनेलला ३० सेकंद पुरतात, भांडण पेटलं तर २ मिनिटं. त्याहून जास्त लावला तर लोक गप्पाच सोडतात, आणि मग राखायला काही उरत नाही.

शुक्रवार

टोकण्याबद्दल सगळे बोलतात, पुराव्याबद्दल कोणी नाही. म्हणून आज तेच सविस्तर.

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या खेळात एखाद्याचं घर फोडलं गेलं, पेटी रिकामी झाली, की पहिली प्रतिक्रिया असते ‘अमक्यानेच केलं’. दुसरी असते घर लगेच दुरुस्त करायला घेणं. दोन्ही चूक. आधी एफ-३ दाबायचं, एक्स-वाय-झेड आकडे पडद्यावर येतात. तसंच ठेवून एफ-२ ने चित्र घ्यायचं, म्हणजे जागा आणि नुकसान एकाच चौकटीत येतात. मग लिहायचं: घर शेवटचं धड कधी पाहिलं? ‘काल संध्याकाळी सातला ठीक होतं, आज दुपारी दोनला फुटलेलं दिसलं.’ सगळ्या तक्रारीत हे वाक्य सगळ्यात कामाचं आणि तेच कोणी लिहीत नाही. मॉडरेटरला नोंदी चाळायच्या असतात वेळेच्या हिशोबाने. सात ते दोन कळलं की शोध १९ तासांत आटपतो. नाहीतर बसा आठवडा उपसत.

सर्व्हरवर कोअरप्रोटेक्ट, म्हणजे कोणी काय केलं याची नोंद ठेवणारं जोड-सॉफ्टवेअर, लावलेलं असेल तर पुढचं काम सोपं. इन्स्पेक्ट चालू करून ठोकळ्यावर डावी टिचकी मारली की तो कोणी ठेवला ते कळतं. मोकळ्या जागेत ठोकळा ठेवून पाहिला की तिथून काय काढलं गेलं आणि कोणी ते कळतं. पेटीवर उजवी टिचकी मारली की घेतल्या-ठेवल्याचा हिशोब. मग रोलबॅक, म्हणजे मोडतोड उलटी फिरवणं. त्यात तीन गोष्टी द्यायच्या: खेळाडू, कालावधी, त्रिज्या. घाईत हमखास राहतं ते खेळाडूचं नाव. नाव नसेल तर त्या परिसरात त्या वेळात ज्याने-ज्याने जे केलं ते सगळंच मागे फिरतं, आणि शेजारच्या बिचाऱ्याचं नुकतं लावलेलं शेत गायब. त्रिज्या दिली नाही तर सहसा १० ठोकळ्यांची धरली जाते, मोठ्या वाड्याला ती अपुरी. म्हणून आधी प्रिव्ह्यू, नंतर रोलबॅक, आणि चुकलंच तर रिस्टोअर.

आगीचं प्रकरण वेगळं. जळालेल्या ठोकळ्यांपुढे माणसाचं नाव येत नाही, नुसतं ‘फायर’ येतं. ते पाहून ‘अपघात असेल’ म्हणून फाइल बंद करू नये. आगीची पहिली ठिणगी कुठल्या ठोकळ्यावर पडली ते शोधायचं, ती लावणाऱ्याचं नाव तिथे मिळतं.

आणि नाव मिळालं तरी गुन्हा सिद्ध होत नाही. कोणत्या खात्यातून काय झालं एवढंच नोंद सांगते. ते खातं कोणाच्या हातात होतं, हे सांगत नाही. दिवाळीत तर नाहीच. दादाचा लॅपटॉप, दादाचं लॉगिन आणि खुर्चीत बसलेला दहा वर्षांचा मामेभाऊ, हे घरोघरी. निकालाआधी खातेदाराला खाजगीत एक प्रश्न विचारायचा: ‘काल दुपारी तूच खेळत होतास का?’ निम्मी भांडणं इथेच विझतात.

ग्रीफ प्रिव्हेन्शन हे मोडतोड रोखणारं जोड-सॉफ्टवेअर लावून जागेवर हक्क नोंदवले असतील तर यातलं बरंच घडतच नाही. सोन्याच्या फावड्याने समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर टिचकी मारायची, झाला हक्क. काठी हातात घेऊन जमिनीवर टिचकी मारली की मालक कोण ते दिसतं. नवख्याला टोकण्यापेक्षा त्याला हे फावडं वापरायला शिकवावं.

गोळीबाराच्या खेळात पुरावा आणखी अवघड. बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) ‘हॅकर होता’ असं मेलेला प्रत्येक जण म्हणतो. भिंतीआड पोहोचल्यावर गोळी लागली, हा पुरावा नव्हे. ती नेटच्या उशिराची करामत असते. मारणाऱ्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर असता आणि सर्व्हर त्याच्या बाजूचं चित्र ग्राह्य धरतो. घरात पाच पाहुणे एकाच वायफायवर रील बघत असतील तर असं होणारच. संशय असेल तर मेल्यावर बाहेर न पडता त्याचा उरलेला खेळ बघत बसायचं. निशाणा भिंतीपलीकडच्या माणसाच्या मागे पुन्हा-पुन्हा सरकतो का, ते बघायचं. एका हेडशॉटने काही ठरत नाही.

शनिवार

शिव्या अडवणाऱ्या डिस्कॉर्डच्या ऑटोमॉडची गंमत. यादीत ‘साला’ टाकला आणि दोन्ही बाजूंना तारा (*) लावला, की शब्दाच्या पोटातलाही ‘साला’ पकडला जातो. मग ‘पोह्यावर जिरावन मसाला टाक’ हे वाक्य इंदूरच्या सर्व्हरवर अश्लील ठरतं! ‘सालाबादप्रमाणे’सुद्धा अडतो. तारा काढला की फक्त सुटा शब्द पकडला जातो. तारा हवाच असेल तर मसाला, सालाबादप्रमाणे असे शब्द अपवादांच्या यादीत घालावे लागतात. हे कळवतात ते सामान्य सभासदच, मॉडरेटरला तर अडलेलं वाक्य फक्त सूचनेत दिसतं. ज्याचा संदेश अडला त्याने अक्षरांमध्ये टिंबं घालून तोच शब्द पुन्हा पाठवू नये. फिल्टर चुकवल्यासारखं दिसतं आणि नसता ताप होतो.

रविवार, सरदी झालीये, बाहेर कुठे जायचं नाही

सभासदांच्या हाती न्याय देण्याचा प्रयोग मोठ्या कंपन्यांनीही करून पाहिला. लीग ऑफ लेजंड्स या खेळाने २०११ मध्ये ट्रिब्यूनल काढलं. तक्रार आलेल्या खेळाडूच्या गप्पा आणि आकडे बाकीच्या खेळाडूंपुढे ठेवायचे आणि त्यांनी ‘शिक्षा’ किंवा ‘माफी’ म्हणायचं. मत बहुमताशी जुळलं की सुरुवातीला खेळातलं चलन मिळायचं. व्हायचं तेच झालं: न वाचता ‘शिक्षा’ दाबत सुटणारे निघाले, कारण बहुतेक प्रकरणांत निकाल तोच लागायचा. बक्षीस पुढे काढलं, २०१४ मध्ये ट्रिब्यूनलच बंद केलं.

काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या खेळातलं ओव्हरवॉच २०१३ चं, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचं. तिथे निवडक अनुभवी खेळाडूंना ८ फेऱ्यांचं रेकॉर्डिंग दाखवलं जाई. नावं झाकलेली, गप्पा काढून टाकलेल्या. समोर फक्त ‘संशयित’. प्रश्न एवढाच, की पुरावा निःसंशय आहे की अपुरा. ज्याचे निकाल बरोबर ठरत आले त्याच्या मताला वजन जास्त.

२०१८ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्व कंपनीच्या जॉन मॅकडॉनल्ड यांनी सांगितलेले आकडे टोकणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत असे आहेत. खेळाडूंच्या तक्रारींवरून ओव्हरवॉचपुढे गेलेल्या प्रकरणांत दोषी ठरण्याचं प्रमाण १५ ते ३० टक्के. व्हॅकनेट या फसवणूक ओळखणाऱ्या संगणक-यंत्रणेने स्वतः निवडून पाठवलेल्या प्रकरणांत ८० ते ९५ टक्के. निकाल देणारी माणसं दोन्हीकडे तीच. म्हणजे सामान्य खेळाडू पंच म्हणून चांगला आहे, फिर्यादी म्हणून कच्चा. हरल्याच्या रागात बटण दाबतो.

बक्षिसाचा धडा छोट्या सर्व्हरलाही लागू आहे. ‘सगळ्यात जास्त रिपोर्ट करणारा’ असा बिल्ला कधी काढू नये. तक्रारी मोजायच्याच असतील तर टिकलेल्या मोजाव्यात, तेही मॉडरेटरच्या खाजगी वहीत.

मंगळवार

गावातल्या सर्व्हरची खरी अडचण नावाची. जगभरच्या सर्व्हरवर ‘ड्रॅगन-किंग’ हा फक्त ड्रॅगन-किंग असतो. इथे तो लोकमान्य नगरच्या जोशीकाकूंचा भाचा असतो, भंवरकुआच्या कोणत्या क्लासला जातो ते चार जणांना माहीत असतं. उघड टोकलं की संध्याकाळपर्यंत मावशीचा फोन येतो. म्हणून ओव्हरवॉचची ती युक्ती उचलावी: प्रकरण मॉडरेटर मंडळींपुढे मांडताना नावांच्या जागी ‘अ’ आणि ‘ब’ लिहावं, आणि नातं लागणाऱ्या मॉडरेटरने त्यात पडू नये. रिश्तेदारीत कोणी तटस्थ राहतो, यावर माझा काडीचा विश्वास नाही.

काही गोष्टींत मात्र गोड शब्दात टोकत बसायचंच नाही. पैसे लावायच्या खेळांच्या लिंका ही पहिली. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे ऑनलाइन खेळ आणि त्यांची जाहिरात, दोन्हींवर बंदी आणली आहे. दुसरी, कोणाचा फोन नंबर, पत्ता, शाळा उघड करणं. तिसरी, धमकी. यांना उत्तर देऊ नये, आणि कोट तर मुळीच करू नये. ‘हे काय टाकलंस?’ म्हणत नंबरासकट मजकूर परत चिकटवला, की मूळ संदेश काढला तरी दुसरी प्रत तुमच्या नावावर उरते. आधी वेळेसकट स्क्रीनशॉट, मग संदेशाची लिंक, आणि दोन्ही मॉडरेटरला खाजगीत. दोन्ही यासाठी की स्क्रीनशॉट बनावट करता येतो, आणि संदेश पुसला गेला तर लिंक मेलेली असते. लिहिणाऱ्याने स्वतः पुसलेल्या संदेशाची डिस्कॉर्डच्या ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे मॉडरेटरच्या कृतींच्या नोंदवहीत, नोंदच होत नाही, आणि मॉडरेटरने काढला तरी मजकूर तिथे राहत नाही.

व्हॉइस चॅनेलवर कोणी घाण बोललं तर गुपचूप रेकॉर्डिंग करू नये. वेळ, चॅनेल आणि तेव्हा हजर असलेले आणखी दोघे, एवढं लिहून द्यावं. त्या दोघांना वेगवेगळं विचारायचं काम मॉडरेटरचं.

विश्वासू सभासदांना मदतनीस करायचं तर बॅनचा अधिकार देऊ नये, टाइमआउटचा, म्हणजे ठरावीक वेळ बोलणं बंद करण्याचा, द्यावा. मेनूत तो १ मिनिटापासून १ आठवड्यापर्यंत मिळतो, आणि मदतनिसाला १० मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये असं मला वाटतं. पण डिस्कॉर्डमध्ये अधिकाराला अशी मर्यादा घालता येत नाही. अधिकार दिला की पूर्ण दिला. मर्यादा तोंडीच ठरवायची आणि दर रविवारी ऑडिट लॉगमध्ये पडताळायची. तो लॉग ४५ दिवसच टिकतो. दिवाळीतल्या टाइमआउटवर कोणी नाताळात दाद मागितली तर दाखवायला काही नसेल, तेव्हा चिघळलेल्या प्रकरणांची तारीख, कारण आणि लिंक आताच शीटमध्ये उतरवून घ्यावी.