काजळीनं समुद्र बघितला

मागच्या आठवड्यात आमच्या काजळीला समुद्रावर नेऊन आणलं. परत येऊन तीन दिवस झाले तरी अजून खोगिराच्या पट्ट्यातनं रेती निघतीय, आणि मला हे कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय.

काजळी म्हणजे आमची घोडी. सहा वर्षांची, भीमथडी जातीची, बारामतीकडच्या एका धनगर कुटुंबाकडून घेतलेली. डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड आहे म्हणून काजळी. मारवाडी घोड्यांपेक्षा ठेंगणी, पण पाय असे घट्ट की दिवसभर चालली तरी दमत नाही. आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी, हलगी, फटाके, सिटी बसचे हॉर्न, कशालाच घाबरत नाही ही. म्हणून मला वाटलेलं की समुद्र म्हणजे काय, सीना नदीचंच मोठं भावंड.

अप्पांचा पहिला प्रश्न एकच होता, "पाणी कुठलं पाजणार गं तिला?" आजोबांचा टांगा होता सोलापूर स्टेशनवर, त्यामुळं आमच्या घरात घोड्याची काळजी म्हणजे आधी पाणी, मग वैरण, मग बाकी सगळं. आणि त्यांचं बरोबर होतं. परक्या गावचं पाणी घोडी नुसती हुंगते आणि तोंड फिरवते, प्रवासात पाणी कमी पडलं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नाही त्यामुळं पोटात जे अडकलं ते अडकलं. मग काय, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, साठवून ठेवावं लागतं, तरी त्यातलेच चार कॅन भरून घेतले. कोकणात सोलापूरचं पाणी घेऊन निघालो आम्ही. शिवाय आठ दिवस आधीपासून घरी तिच्या बादलीत थोडा गूळ विरघळवून द्यायला सुरुवात केली, म्हणजे तिकडच्या पाण्यातही गूळ टाकला की तिला चव ओळखीची लागेल. ही युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, खरंच उपयोगी पडली.

तयारी म्हणजे महिनाभर दर रविवारी तिऱ्ह्याच्या पुलाजवळ सीनेत न्यायचो. आधी खुरापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. दोन आठवडे आधी नालबंद बोलावून नाल बदलून घेतले. आणि दिवस ठरवायला अप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. भरतीचा जुना हिशोब आहे ना, तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, ती भरतीची वेळ. पौर्णिमेनंतरची द्वितीया धरली तर दीड वाजता भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वासात-साडेसातला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा जवळ असल्यानं पाणी लांबवर आत जाणार, ओली घट्ट रेती भरपूर मिळणार, आणि टुरिस्ट लोक अजून झोपलेले असणार.

संध्याकाळी सातला टेम्पो रत्नागिरीला निघाला, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे पण आम्ही दर तीन तासाला थांबत गेलो. खाली रबराची मॅट आणि त्यावर लाकडाचा भुस्सा, आणि मोहरकीचा दोर मुद्दाम सैल ठेवलेला, कारण घोड्याला मान खाली घालता आली नाही तर नाकातली घाण, धूळ बाहेर पडत नाही आणि छातीला त्रास होतो. आंबा घाटात मामांनी टेम्पो असा चालवला की मागं ठेवलेली बादलीसुद्धा सांडली नाही. मी मागंच बसलेले तिच्याजवळ. प्रत्येक वळणाला ती आधी कुठल्या पायावर भार देते ते बघत होते, दोन-तीन वळणांनंतर तिला कळलं होतं, वळण सुरू व्हायच्या आधीच पाय फाकवून उभी राहायची.

सकाळी रत्नागिरीत पोचलो आणि तो अख्खा दिवस तिला नुसतं उभं राहू दिलं. कडबा आपलाच नेलेला. भाट्याच्या पुलावरनं जाताना खाली नदी दिसली, तिचं नाव विचारलं तर म्हणे काजळी. मला ठाऊकच नव्हतं. सारखं तेच नाव तोंडात येत होतं दिवसभर, घोडीचं की नदीचं मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला भाट्याच्या किनाऱ्यावर. तिथल्या एका दादांचा पांढरा म्हातारा घोडा सोबत घेतला होता, रोज समुद्र बघणारा. सुरूच्या झाडांतनं बाहेर पडलो आणि काजळी थांबली. कान पुढं, मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, आणि छातीतनं असा फुरफुराट की माझ्या पायाला तो जाणवला. पाणी दिसायच्या आधी आवाजच तिला खाऊन टाकत होता.

कोरड्या रेतीतनं हळू चालवत ओल्या पट्ट्यावर आलो, तिथं बरी चालली. पण पहिली लाट आली आणि फेस तिच्या पायाजवळनं मागं सरकायला लागला तशी ती आडवी आडवी पाण्याबरोबरच सरकू लागली. मला आधी वाटलं पाण्याला घाबरतीय. मग मी खाली बघितलं आणि मलाच गरगरलं. पाणी मागं जाताना पायाखालची जमीनच सरकतीय असं दिसतं! माणसाला कळतं की सरकतंय ते पाणी, घोड्याला कोण सांगणार. त्याचे डोळे दोन बाजूंना, जवळपास चहूबाजूंनी दिसतं त्याला, पण अगदी नाकासमोरचं आणि पायाजवळचं नीट दिसत नाही. सीनेत हे कधी झालंच नाही कारण नदीचं पाणी एकाच दिशेनं जातं.

मी उतरले. तसंच लगाम धरून दहा-पंधरा मिनिटं उभी राहिले तिच्या खांद्याजवळ. ओढलं नाही, टाच नाही, काही नाही. लाटा यायच्या, जायच्या. पांढरा घोडा पुढं पाण्यात निवांत उभा. मग काजळीनं स्वतःच मान खाली घातली, फेसावर फुंकर मारली, आणि जीभ लावली. वरचा ओठ असा काही वर गेला की दादा मोठ्यानं हसले. मी लगेच तिचं तोंड वर घेतलं, खारं पाणी पिऊ द्यायचं नाही म्हणून.

पुन्हा वर बसले आणि पांढऱ्याच्या शेपटीमागं गुडघ्यापर्यंत आत गेलो. आता ती टापेनं पाणी उडवायला लागली, मला इतकं भारी वाटलं, आणि मागनं मामा ओरडले, "पुढं काढ, पुढं काढ, लोळती आता!" टाप मारणं म्हणजे लोळायची तयारी, मी विसरलेच होते. पुढचे गुडघे वाकलेच होते तिचे. टाच दिली, निघाली.

मग ओल्या रेतीवर अर्धा किलोमीटर दुडकी आणि तेवढंच परत. बस. भरधाव सोडायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू, पण आयुष्यभर डांबरी रस्त्यावर आणि काळ्या मातीत चाललेले पाय आहेत ते, रेतीत पहिल्याच दिवशी पळवलं की नळीमागच्या शिरेवर ताण येतो आणि मग महिनोनमहिने लंगडणं. काही किनाऱ्यांवर दिवसभर माणसं बसवून मऊ रेतीत पळवलेले घोडे बघितलेत मी, छातीपट्ट्याखाली कातडं सोलवटलेलं. मला ते बघवत नाही.

नंतर बोअरच्या गोड्या पाण्यानं दोनदा धुतलं, पोटाखालनं, पायांच्या मागनं, खुरातली रेती टोकरून काढली. खोगीर ओल्या फडक्यानं पुसून तेल लावलं.

घरी पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजलेले. अप्पा दारात बादली घेऊनच उभे. काजळीनं मान वर न काढता दीड बादली पाणी संपवलं, आणि ती पीत असताना अप्पांनी तिच्या मानेवरनं हात फिरवला, बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अजून खारट लागतंय की गं."