तोरणमाळवरून ‘छिन्नी’चा शोध

मार्गशीर्ष अमावास्या धरून, डिसेंबरच्या अखेरीस, आम्ही दोघे भाऊ दोन रात्रींसाठी तोरणमाळला गेलो, ते केवळ छिन्नी हा तारकासमूह पाहण्यासाठी. लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५१ ते १७५३ या काळात केप ऑफ गुड होप येथून दक्षिण आकाशाचे वेध घेतले आणि जे १४ नवे समूह कल्पिले, त्यांपैकी हा एक. त्यातला सर्वांत ठळक तारा, अल्फा, जेमतेम ४.४५ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). जळगावात आमच्या गच्चीवरून तो दिसण्याची आशाच नव्हती.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे वर जावे. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्यावे आणि घाट उजेडी चढावा.

पहिली रात्र यशवंत तलावाच्या काठी वाया गेली. पाण्यावर धुके होते आणि द्विनेत्रीच्या (दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीच्या) भिंगांवर सारखे दव धरत होते. शिवाय कपोत या शेजारच्या तारकासमूहातल्या सर्वांत ठळक ताऱ्याच्या उजवीकडे जो तारा सहज दिसला, त्यालाच मी अल्फा समजून बसलो. खोलीवर येऊन नकाशा पाहिला, तेव्हा तो यमुना या तारकासमूहाच्या वळणावरचा निघाला. इतका सहज दिसणारा तारा छिन्नीत नाहीच, हे तिथेच लक्षात यायला हवे होते.

दुसऱ्या रात्री पठाराच्या दक्षिणेकडच्या, मोकळ्या जागी बसलो. येथे एक अडचण आहे, जी आधी कोणी सांगितली नव्हती: शहादा तोरणमाळच्या जवळजवळ थेट दक्षिणेला असल्यामुळे त्याच्या दिव्यांची पिवळट झाक नेमकी त्याच क्षितिजावर पसरते. क्षितिजापासून सुमारे १५ अंशांवरचा अगस्त्य तीतूनही तेजस्वी दिसतो, परंतु छिन्नीसाठी अल्फा २६ अंशांपर्यंत चढण्याची, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास तो मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येण्याची, वाट पाहावीच लागते. त्यापूर्वी अर्धा तास मोबाइल पूर्ण बंद ठेवावा.

शोधताना मृगाखालच्या शशक या समूहावरून कपोतावर उतरावे आणि त्या ठळक ताऱ्यापासून, हात ताठ धरून, दीड मूठ उजवीकडे व तिरपे खाली जावे. अल्फा मला आधी द्विनेत्रीत आणि मग तिरप्या नजरेने नुसत्या डोळ्यांनी दिसला: ६६ प्रकाशवर्षांवरचा, टाचणीच्या टोकाएवढा, सरळ पाहिले की विझणारा. छिन्नीतलाच पाचव्या प्रतीचा बीटा हा तारा मात्र द्विनेत्रीशिवाय दोघांनाही दिसला नाही. मध्यरात्रीनंतर समूह पश्चिमेकडे कलून गढूळ हवेत शिरला, तेव्हा आम्ही सतरंजी गुंडाळली. ती दवाने पिळण्याइतकी भिजली होती, म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद न्यावाच.