गाठ वापस आली तेव्हापासून

पांढरकवड्यात आमचं मेडिकल २००९ साली सुरू झालं. डी. फार्म मी केलेलं, गल्ल्यावर मामंजी बसायचे. पुढची वर्षं ताप, हगवण, फवारणीची बाधा यांच्याच औषधांत गेली.

२०२२ च्या उन्हाळ्यात मामंजींच्या मानेतली गाठ परत आली. फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, आधी केमोने बसलेला. "वापस आली ना वं पोरी," एवढंच बोलले. नागपूरच्या डॉक्टरांनी या खेपेला केमोऐवजी दोन औषधं जोडीने द्यायची ठरवली : रिटुक्सिमॅबचं सलाइन आणि लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल. रिटुक्सिमॅब गाठीतल्या पेशींवरच्या सीडी-२० नावाच्या प्रथिनाला चिकटून त्यांच्यावर खूण करतं, लेनालिडोमाइड आपल्या रोगप्रतिकारक पेशींना जोर देतं. एक तण दाखवतं, दुसरं निंदणाऱ्या बायांच्या हाताला बळ देतं, असं मी मामंजींना समजावलं. २०१९ साली आलेल्या ३५८ रुग्णांच्या अभ्यासात एकट्या रिटुक्सिमॅबवर आजार साधारण १४.१ महिने आवरला होता, जोडीने दिल्यावर ३९.४ महिने. तो आकडा मी गल्ल्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला. सगळ्याच लिम्फोमाला ही जोडी चालत नाही, हेही मी येणाऱ्याला आधीच सांगते.

रिटुक्सिमॅब २ ते ८ अंशांत राहायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, त्यात लाइन जाते. पहिल्याच वेळी मी बाटली बर्फाच्या पाकिटाला टेकवून भरली. डबा उघडला तर औषध गोठलेलं. गोठलेलं पुन्हा वापरता येत नाही. ती बाटली टाकावी लागली, मामंजींचं सलाइन चार दिवस लांबलं. ते चार दिवस मला आजही आठवतात. आता बाटलीभोवती पेपरची जाड घडी, आत थर्मामीटर, आणि फ्रिजला वेगळा इन्व्हर्टर.

घाटंजी, मारेगाव, झरीकडचे लोक याच औषधांसाठी येऊ लागले. कॅप्सूल २१ दिवस घ्यायची, ७ दिवस बंद. कॅलेंडरवर खुणा मीच करून देते. कॅप्सूल फोडायची नाही, आणि गरोदर बाईने तिला हातही लावायचा नाही, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. घरात गोळ्या देणारी बहुतेक सूनच असते. तिला मी बाजूला घेऊन विचारते, कारण दिवस गेल्याचं ती सासूसमोर बोलत नाही.

मामंजी पुन्हा गल्ल्यावर बसतात. डबा बांधताना थर्मामीटर तेच वाचतात, मी वहीत लिहिते.