पेरून म्हणजे झ्यूस? जरा थांबा

पूर्व युरोपातल्या जुन्या स्लाव्ह लोकांचा विजेचा देव पेरून म्हणजे ग्रीकांचा झ्यूस, वेलेस म्हणजे पाताळाचा राजा हेडीस, लाडा म्हणजे रोमनांची प्रेमदेवता व्हीनस, असे तक्ते नेटवर पैशाला पासरी मिळतात. पंधराव्या शतकात पोलंडच्या द्वुगोश या इतिहासकाराने असाच तक्ता केला होता. त्यात लाडा आहे मार्स, म्हणजे युद्धदेव! पुढच्या लेखकांनी तिचीच प्रेमदेवता केली.

पेरूनची जोडी त्यातल्या त्यात बरी. वीज दोघांची, ओकही दोघांचा. पण झ्यूसची लग्नं, लफडी, भांडणं ग्रीक कवींनीच लिहून ठेवली. स्लाव्हांनी स्वधर्मात असताना लिहिलेली पेरूनची एकही कथा हाती नाही. जे आहे ते ख्रिस्ती बखरीतलं: ९८० साली कीवचा राजा व्लादिमिर याने तिथल्या टेकडीवर त्याची लाकडी मूर्ती बसवली, डोकं चांदीचं, मिशी सोन्याची. ९८८ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यानेच ती घोड्याच्या शेपटाला बांधून, बारा माणसांकडून काठ्यांनी बडवत नदीकडे ओढत नेली. वेलेस तर कीव आणि बायझंटाइन साम्राज्य यांच्यातल्या ९७१ च्या तहाच्या शपथेत 'गुरांचा देव' म्हणून येतो. पाताळाचं राज्य त्याला अभ्यासकांनी तर्काने दिलंय.

म्हणून कथा जुळवण्यापेक्षा देवळात काय चालायचं ते पाहावं. आणि तिथे आपल्या कोकणातल्या माणसाला ग्रीक देवांच्या ऑलिंपसपेक्षा स्लाव्हांचं आर्कोना जवळचं वाटेल.

बाल्टिकमधल्या र्‍युगेन बेटावर, समुद्रावरच्या कड्यावर, चार डोक्यांच्या स्वान्तेवित या देवाचं हे देऊळ. ११६८ साली डेन्मार्कच्या राजाने ते पाडलं. पुजारी आत झाडताना श्वाससुद्धा घ्यायचा नाही, श्वासासाठी दर वेळी दाराशी धावायचा. लढाईआधी जमिनीत रोवलेल्या भाल्यांवरून देवाचा पांढरा घोडा नेत. उजवा पाय आधी पडला तर निघायचं, डावा पडला तर बेत रद्द. कोकणातल्या रवळनाथाच्या मूर्तीला फुलांचे कळे लावून उजवा-डावा कौल बघणाऱ्याला हे फोड करून सांगायला नको. पक्ष्यांवरून शकुन रोमनही बघत, पण डाव्या बाजूचा शकुन त्यांच्यात बहुधा चांगला. तक्त्यात हे बसत नाही.

सुगीनंतर पुजारी देवाच्या हातातलं शिंग तपासायचा. वर्षापूर्वी भरलेलं पेय कमी झालं असेल तर टंचाई, जसंच्या तसं असेल तर सुबत्ता. मग माणसाएवढी मधाची पोळी पुढ्यात ठेवून तिच्याआडून विचारायचा, "मी दिसतो का?" लोक म्हणायचे, दिसता. त्यावर त्याचं देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, एवढंच, की पुढच्या वर्षी पोळीआड मी दिसू नये. कोकणातल्या गाऱ्हाण्याला लोक देतात ते 'व्हय म्हाराजा' तेवढं राहिलं.