माझ्यावाचून न अडणारी वस्ती

रविवार, रात्री

भाड्याने देण्यासाठी दूरच्या शहरात एक घर घ्यायचं आहे. त्यासाठी शहर ठरलं. एकाच धंद्यावर पोट असलेलं शहर नको, एवढी अट लावली आणि यादी निम्म्यावर आली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे आकडे डोक्यातून जात नाहीत. १९५० साली साडेअठरा लाख लोकसंख्या, २०२० च्या जनगणनेत सहा लाख चाळीस हजारांच्या आत. मोटारींचा धंदा उतरला, लोक उपनगरांत आणि त्याही पलीकडे गेले, घरं जागच्या जागी राहिली. म्हणून मोठं रुग्णालय, विद्यापीठ, सरकारी कचेऱ्या, मालाची गोदामं असे तीन-चार आधार असलेलं शहर धरलं.

आता भाग निवडायचा आहे आणि तो शहरापेक्षा कितीतरी अवघड आहे. शहराची माहिती कागदावर मिळते. गल्लीची माहिती तिथे राहणाऱ्यांच्या डोक्यात असते. दोन चौक ओलांडले की भाडेकरू बदलतो, भाडं बदलतं, घर किती दिवस रिकामं पडतं तेही बदलतं. मी राहणार शेकडो मैल लांब.

ही धास्ती उगाच नाही. अलेक्स चिंको आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी २००० नंतरच्या तेजीतल्या अमेरिकी शहरांमधले घरांचे व्यवहार तपासले होते. बाहेरगावाहून दुसरं घर घेणाऱ्यांना भाववाढीतून तिथल्याच गुंतवणूकदारांपेक्षा कमी हाती लागलं, असं त्यांना दिसलं. त्यांचा निबंध २०१६ सालचा. स्थानिक माणूस संध्याकाळी त्या रस्त्यावरून जातो. मला ते डोळे कुठून तरी उभे करायचे आहेत.

मंगळवार

दोन भाग उरले. वहीत त्यांना ‘नदीकडचा’ आणि ‘रुग्णालयाकडचा’ म्हणते आहे.

नदीकडच्या भागात घरं स्वस्त. किमतीच्या ९ टक्के वार्षिक भाडं दिसतं. रुग्णालयाकडे जेमतेम ६. पहिल्या नजरेत कोणीही नदीकडे धावेल. मीही आधी तीच बाजू मांडायला बसले आणि एकेक खर्च वजा करत गेले.

घराची किंमत १०० धरली. नदीकडच्या जाहिराती मी बरेच आठवडे जपून ठेवते आहे. त्याच खोल्या, तेच फोटो, तोच भिंतीवरचा ओलाव्याचा डाग थोड्याच महिन्यांत परत जाहिरातीत येतो. म्हणजे भाडेकरू टिकत नाहीत. वर्षात दोन महिने घर रिकामं धरलं की ९ चे साडेसात झाले. एखाद्या महिन्याचं भाडं बुडणार, ते पाऊण. सांभाळणाऱ्या एजंटचे १० टक्के धरून आणखी जवळपास पाऊण. दर वेळी रंग, कुलपं, नळ, साफसफाई धरून दीड. कर आणि विमा दीड. उरले ३.

रुग्णालयाकडे भाडेकरू दोन-दोन वर्षं राहतात. वर्षाला सरासरी अर्धा महिना रिकामा, म्हणजे पाव टक्का. एजंटचे अर्ध्याच्या थोडं वर, डागडुजी पाऊण, कर-विमा सव्वा. उरले सव्वातीनच्या आसपास.

हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. पण कागदावरचं तीन टक्क्यांचं अंतर पुसलं गेलं, हे खरं. जास्त भाडं बहुतेक वेळा तिथे घालाव्या लागणाऱ्या हेलपाट्यांची किंमत असते. जो मालक पाच मिनिटांत चालत जाऊन नळ बघतो, भाडेकरूशी दारात उभं राहून बोलतो, त्याला ती मिळते. मला लांबून मिळणार नाही. त्यामुळे माझी कसोटी आता एकच: माझ्या नसण्याने जिथे कमीत कमी बिघडतं, तो भाग.

बुधवार

गूगलच्या रस्त्यावरच्या चित्रांत जुन्या वर्षांचीही चित्रं उघडतात. आज तास-दीड तास त्यातच गेला. नदीकडच्या एका कोपऱ्यावर सर्वांत जुन्या चित्रात दुकान उघडं, त्यानंतरच्या चित्रात अर्धं शटर, अलीकडच्या चित्रात फळ्या ठोकलेल्या. रुग्णालयाकडच्या एका रांगेत मात्र एका पायरीपाशी तिन्ही चित्रांत कुंड्या आहेत, दर वेळी वेगळ्या. कोणीतरी तिथे वर्षानुवर्षं राहतं आहे आणि पाणी घालतं आहे. एवढ्यावरून घर घ्यायचं नाही हे कळतं मला, पण असा पुरावा कुठल्याच तक्त्यात मिळत नाही.

विम्याचाही उपयोग होतो. खरेदीच्या आधी नेमक्या पत्त्यावर पुराच्या विम्याचा भाव मागितला की पाण्याच्या धोक्याचा अंदाज येतो. नदीकडचा भाव ऐकून मी वहीत मोठी फुली मारली.

शुक्रवार

घरं सांभाळणाऱ्या एका बाईंना फोन केला. “चांगला भाग कुठला?” असं विचारलं की प्रत्येक जण आपल्याकडचा माल पुढे करतो. म्हणून विचारलं, “कुठल्या गल्ल्यांतली घरं तुम्ही सांभाळायलाच घेत नाही?”

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “रुळांच्या पलीकडची शेवटची दोन वळणं. तिथे आमचा प्लंबर संध्याकाळनंतर जात नाही. अलीकडे कुठलंही द्या.”

मी नकाशा समोर धरूनच बसले होते. मला पसंत पडलेलं एक घर नेमकं त्या वळणावर होतं, रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर. सगळ्या तक्त्यांत ते पहिलं आलं असतं. दुसऱ्या एजंटलाही हाच प्रश्न विचारला, त्यांनीही तीच वळणं सांगितली. दोन जण परस्परांना न विचारता एकच गल्ली टाळतात, तेव्हा मी त्यांचं ऐकते.

कोण विकतं आहे, हेही विचारलं. पाब्लो कुर्लाट आणि योहानेस स्ट्रोबेल यांनी लॉस एंजेलिस काउंटीतल्या व्यवहारांवरून २०१५ साली दाखवलं होतं की विकणाऱ्यांत माहीतगारांचं, म्हणजे घरांच्याच धंद्यातल्या लोकांचं, प्रमाण वाढलं की पुढे त्या भागातले भाव नरमतात. नदीकडे दोन जुने मालक भाडेकरूंसकट आपली घरं काढायला बसले आहेत. रुग्णालयाकडे विकायला आलेली घरं बहुतेक बदली झालेल्या किंवा वयस्कर लोकांची आहेत.

रविवार

रुग्णालयाकडचा भाग, रुळांच्या अलीकडे. ठरलं.

आई म्हणाली, “तू स्वतः राहशील का गं तिथे?” प्रश्न बरोबर आहे, पण मला तिथे राहायचं नाही. रात्रपाळी संपवून घरी येणाऱ्या परिचारिकेला पहाटे बस मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का, धुलाईयंत्राची सोय घरात आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिची सोय झाली तर ती टिकेल आणि ती टिकली तरच माझा हिशेब टिकेल.

जाऊन पाहायचंच आहे. एकदा दुपारी, एकदा रात्री उशिरा, रुग्णालयापासून घरापर्यंत पायी. त्याआधी बाईंकडून करारनाम्याचा मसुदा मागवायचा आणि त्यांनी मला न विचारता दुरुस्तीवर किती खर्च करायचा, ती मर्यादा लेखी ठरवून घ्यायची.