‘टेम्प’चा घोळ: सीमधले मॅक्रो सोवळ्यात आणताना

सी भाषेच्या मॅक्रोत (कंपाइल होण्याआधी नावाच्या जागी कोडचा मजकूर घालणारी सोय) आर्ग्युमेंटांभोवती कंस घालायला माणूस एकदा मार खाऊन शिकतो. डू-व्हाइल-शून्यचं वेष्टणही सवयीनं येतं. त्यावर शब्द घालवत नाही. मला छळलं ते ‘टेम्प’ या नावानं.

मॅक्स (दोन किमतींतली मोठी देणारा मॅक्रो) एका हेडर फाइलमध्ये, क्लॅम्प (किंमत मर्यादेत ठेवणारा) दुसऱ्यात. दोन्ही जीएनयूच्या स्टेटमेंट एक्स्प्रेशनवर (कंसातला ओळींचा गठ्ठा, जो शेवटी एक किंमत देतो) बेतलेले: आलेली किंमत आधी तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये घ्यायची, म्हणजे कुणी आय++ दिलं तरी ते एकदाच चालतं. दोन्हींत त्या व्हेरिएबलचं नाव टेम्प. सुटेसुटे वापरा, काही बिघडत नाही. क्लॅम्पनं आतून मॅक्सला बोलावून आपला टेम्प दिला की विस्तारात ही ओळ निघते:

टाइपऑफ(टेम्प) टेम्प = (टेम्प);

टाइपऑफमधला टेम्प बाहेरचा, कारण तिथपर्यंत नवा टेम्प जन्मलेलाच नसतो. बरोबरच्या चिन्हापुढचा मात्र नवा, म्हणजे स्वतःच. टाइप अचूक, किंमत कचरा. एरर शून्य. -डब्ल्यूऑल (नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय) लावूनही जीसीसी हा कंपायलर सीमध्ये गप्प बसतो, कारण ‘इंट आय = आय’ ही वॉर्निंग मुद्दाम बंद करायची जुनी खूण आहे, असं तो धरून चालतो. त्याला बोलतं करायला -डब्ल्यूइनिट-सेल्फ वेगळा द्यावा लागतो. आतल्या नावानं बाहेरचं झाकलं की सांगणारा -डब्ल्यूशॅडोही हे पकडतो, पण हेडरचा फोल्डर -आयसिस्टमनं, म्हणजे सिस्टिमचा म्हणून, जोडला असेल तर या वॉर्निंग दाबल्या जातात. आधी तो साध्या -आयनं जोडा, मग शोधायला बसा. हे शेवटी कळलं, म्हणून इथे आधी सांगतो.

पहिला उपाय केला तो नावाला लाइन, म्हणजे चालू ओळीचा क्रमांक देणारा तयार मॅक्रो, जोडण्याचा, आणि तोही फसला. दोन हॅश (नावं जोडणारं चिन्ह) थेट वापरले तर लाइनचा आकडा होतच नाही. त्या चिन्हाशेजारचं आर्ग्युमेंट प्रीप्रोसेसर (मॅक्रो विस्तारणारा टप्पा) विस्तारत नाही, म्हणून मध्ये आणखी एक मॅक्रो घालून दोन टप्प्यांत जोडावं लागतं. ते केलं, तरी कचरा तसाच! क्लॅम्प आणि त्याच्या पोटातला मॅक्स एकाच ओळीवर विस्तारतात. 42 व्या ओळीवर दोघांनाही टेम्प42 हेच नाव मिळालं.

चाललं ते काउंटर, म्हणजे कंपायलरनंच दिलेला मोजणीचा आकडा. ते दर विस्ताराला एकानं वाढतं. इथेही मेख आहे: मॅक्रोच्या अंगात तीनदा लिहिलंत तर तीन वेगळी नावं तयार होतात. म्हणून मॅक्स आणि क्लॅम्प दोघांचेही दोन-दोन भाग करायचे: बाहेरच्या भागानं ते एकदाच घ्यायचं आणि आपल्याच आतल्या भागाला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. लिनक्स कर्नलचा युनिक-आयडी मॅक्रोही काउंटरवरच चालतो. टाइप ठरलेला असेल तर हा सगळा उपद्व्याप सोडा आणि स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा.

हाच मॅक्रो रस्ट भाषेच्या मॅक्रो-रूल्समध्ये (तिथली मॅक्रो लिहायची रीत) लिहिला, ‘लेट टेम्प’ तसंच ठेवून. काहीच बिघडलं नाही. तिथे नावासोबत ते कुठून आलं याची खूणही असते, त्यामुळे मॅक्रोचा टेम्प आणि बोलावणाऱ्याचा टेम्प एकमेकांना शिवत नाहीत. हायजीन म्हणतात ते हेच सोवळं. कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि डूबा यांनी ते 1986 मध्येच मांडलं होतं, आणि स्कीम भाषेच्या 1998 च्या प्रमाणात सिंटॅक्स-रूल्स (असे सोवळे मॅक्रो लिहायची रीत) भाषेचाच भाग आहेत. रस्टचं सोवळं मात्र अर्धवट आहे: लोकल व्हेरिएबल आणि लेबलं सांभाळली जातात, मॅक्रोनं जाहीर केलेली फंक्शन आणि स्ट्रक्ट नाहीत. क्रेटमधल्या (रस्टच्या पॅकेजमधल्या) गोष्टींसाठी डॉलर-क्रेट लिहायला विसरू नका.

उलट दिशेची पकडही (एकाचं नाव दुसऱ्यानं बळकावणं) असते. मॅक्रो ‘लिमिट’ हा ग्लोबल वापरतो आणि बोलावणाऱ्याकडे त्याच नावाचा लोकल आहे. सीमध्ये लोकल जिंकतो, तोही गुपचूप. इथे काउंटर निरुपयोगी, आणि लिस्प भाषेतलं, कोरं नाव बनवून देणारं जेनसिमही. सीत ग्लोबलला लांबलचक प्रीफिक्स देणं एवढंच हातात उरतं.

कधी मात्र ओवळंच हवं असतं. कॉमन लिस्पमध्ये लोक लिहितात तो ‘एइफ’ मॅक्रो अटीचं उत्तर ‘इट’ नावात मुद्दाम पकडून देतो. रस्टमध्ये तसं हवं असेल तर ते नाव बोलावणाऱ्याकडूनच आयडेंट प्रकारचं आर्ग्युमेंट म्हणून मागून घ्या.

आणि विस्तार बघायला जीसीसी -ई -पी. मॅक्रोचं सगळं अंग एका ओळीत येतं, तेव्हा ते क्लँग-फॉरमॅटमधून (कोड नीट मांडणारं साधन) काढल्याशिवाय वाचायला बसू नका.